आवाहनातला 'दुधाचे डबे पाठवा' हा भाग

आपत्तीनंतरच्या बातम्यांत बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे पाठवायचं आवाहन असतं. 'बाळं उपाशी आहेत, डबे पाठवा असं बातमीत सांगितलं तर बिघडलं काय?' हा प्रश्न रास्त आहे. पण बिघडतं. २००६ च्या मे महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्ता भागात भूकंप झाला, तेव्हा फुकटची पावडर सरसकट वाटली गेली. नंतरच्या पाहणीत, ती मिळालेल्या लहान मुलांत जुलाबाचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, न मिळालेल्यांत साधारण १२. पावडर मुळात निर्जंतुक नसते. ती निदान ७० अंश तापलेल्या पाण्यात कालवावी लागते. छावणीत इंधन कुठलं आणि बाटली उकळायला भांडं कुठलं?

दुसरं, 'धक्क्याने आईचं दूध आटलं' हे वाक्य वार्ताहरांना फार आवडतं. ताणामुळे पान्हा फुटायला वेळ लागू शकतो, पण दूध बनणं त्याने थांबत नाही; बाळाला पाजत राहिलं की पान्हा पुन्हा येतो. हे छापलं तर घाबरलेल्या आईला धीर येईल. छापलं जातं ते नेमकं उलटं.

अर्थात, वरचं दूध लागणारी बाळं असतातच: आई गेलेली, ताटातूट झालेली. त्यांच्यासाठी पावडर खरेदी करून, तपासून, स्वच्छ पाण्याच्या सोयीसह, गरज असेल तोवर अखंड द्यायची असते. ट्रकमधून भिरकावायची नसते. २०१० च्या जागतिक आरोग्य सभेच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या बैठकीच्या) ठरावाचा रोखही साधारण असाच आहे.

बातमीदारांनी डब्यांऐवजी आईसाठी जेवण, पाणी आणि पाजायला आडोसा मागावा. फोटो मात्र डब्यांच्या ढिगाचाच चांगला येतो, ही खरी अडचण.