‘माझ्यामागे ये’: बोलावणं ऐकल्यानंतरचे दिवस

सर्वांना सलाम.

प्रभूचं बोलावणं कसं आलं याची साक्ष सांगायची म्हटली की आपल्यातले बहुतेक जण बाप्तिस्म्याच्या दिवसावर येऊन थांबतात. त्यानंतरच्या सोमवारचं फारसं कुणी सांगत नाही. हा धागा त्या सोमवारसाठी आहे.

मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, हे आपल्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावामुळे आपल्याला ठाऊक असतं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत मौंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशातल्या सेवेसाठी नावं दिली, त्या चळवळीमागे हा कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता. या गोष्टीचा मला अभिमान आहे. पण मला तुमच्या गोष्टी हव्या आहेत. बोलावणं कुठे ऐकलंत, काय सोडावं लागलं, आणि काय अजून सुटत नाही? नाव देऊ नका, चालेल.

फाउंड्रीवाला, शिरोली

मी क्वालिटीला आहे, वीस वर्षं झाली. लहानपणी संडे स्कूल, नाताळच्या नाटकात मेंढपाळ, सगळं रीतसर. बोलावणं पाळक साहेबांना येतं, अशी माझी समजूत होती.

एका रात्रपाळीत पंपाच्या हाउसिंगच्या लॉटला ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवेने पडलेली भोकं, निघाले. वरून निरोप आला, पुट्टी भरा, ग्राइंडिंग मारा, रंग द्या, गाडी सहाला सुटणार. असं आधीही झालं होतं आणि तेव्हा मी सही केली होती. हे लिहायला जड जातंय, पण केली होती.

त्याच आठवड्यात घरच्या प्रार्थनेत मुलीने बायबलमधला मत्तयाचा ९वा अध्याय वाचला होता. मत्तय जकातनाक्यावर बसलाय आणि प्रभू येशू त्याला ‘माझ्यामागे ये’ म्हणतो. हे बोलावणं सभास्थानात आलेलं नाही. कामाच्या जागी आलं, तेही लोक ज्या कामाला नावं ठेवत त्या कामाच्या जागी. रिपोर्टचं पॅड माझ्यापुढे होतं आणि मला तो नाका दिसत होता. मी ‘रिजेक्ट’ लिहिलं.

पुढचंही सांगतो. मला डिस्पॅचला हलवलं. ओव्हरटाइम गेला, मुलीच्या क्लासची फी हप्त्याहप्त्याने भरली. वर्षभराने परत क्वालिटीत घेतलं, कारण दुसरा माणूस टिकेना. चमत्कार म्हणावा असं काही घडलं नाही. वधस्तंभ उचलून मागे यायला मत्तय आणि मार्कही सांगतात, पण ‘दररोज’ हा शब्द लूकच घालतो (९:२३). पाळी करणाऱ्याला तो शब्द नीट कळतो. दर लॉटला सही पुन्हा समोर येतेच.

कोडोलीचा एक

बारावीला असताना शिबिरात हात वर केला. पुण्याला यू.बी.एस.ला, म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरीत जायचं, पाळक व्हायचं. आई आनंदानं रडली. फॉर्म भरला आणि पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात ऊस, दोन म्हशी, शिकणारी धाकटी बहीण. गेलो नाही.

कितीतरी वर्षं मला वाटायचं, नांगराला हात घालून मागं बघणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, असं प्रभू म्हणतो, तो मीच. ते वचन वाचायला लागले की मी उठून बाहेर जायचो. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ते हेरलं असावं. त्यांनी मार्क ५ काढून दिला. कबरांत राहणारा माणूस बरा होतो आणि होडीपाशी येऊन विनवतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. प्रभू त्याला घेत नाही. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. पहिल्या शिष्यांना, त्या कोळ्यांना, जाळी सोडून यायला सांगितलं, याला परत धाडलं. दोघांनाही बोलावणारा एकच.

आता पप्पांना अंघोळ घालताना मी गीत म्हणतो. त्यांची जीभ जड आहे, पण शेवटची ओळ ते माझ्याबरोबर धरतात.

मी अजून बाहेरचीच

मी ख्रिस्ती घरातली नाही. इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४३. हायवे बंद, आमच्या गल्लीत पाणी. आम्ही सगळे निवारा केंद्रात. सासूबाईंच्या पायांना चिखल्या झाल्या, बोटांमधलं कातडं सुटलेलं. एक नर्सबाई रोज संध्याकाळी यायच्या. जमिनीवर बसायच्या, सासूबाईंचे पाय मांडीवर घ्यायच्या, धुवायच्या, कोरडे करायच्या, मलम लावायच्या. देवाचं नाव एकदाही काढलं नाही. पाचव्या दिवशी मीच विचारलं, तुम्ही हे का करता? त्या म्हणाल्या, “माझ्या गुरूने केलंय.” पुढे योहानाच्या १३व्या अध्यायात शिष्यांचे पाय धुणारा तो गुरू मला भेटला.

तेव्हापासून वाचते आहे. रविवारी चर्चला येते. मालक गेटपर्यंत सोडतात, आत येत नाहीत, भांडतही नाहीत. बाप्तिस्मा घेतलेला नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं प्रभूच म्हणतो. मी तो हिशेब करते आहे आणि तो जमत नाही. घर मोडून यायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही. अशा माणसाला शिष्य म्हणतात का?

महिला मंडळातली आजी

बाई, हिशेब एका रात्रीत होत नसतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं कशी गेली ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय. घरच्यांवर रागवू नका, यजमान सोडायला येतात हे मोठं आहे. पावसापाण्याचं त्यांना गेटवर उभं ठेवू नका, पडवीत खुर्च्या असतात.

तुम्ही मागच्या बाकावर एकट्या बसणाऱ्या असाल तर मी तुम्हाला पाहिलंय. मी उजवीकडे तिसऱ्या बाकावर असते. या रविवारी जागा धरते.