शब्दचर्चा : 'इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म'च्या भिंतीला मराठीत काय म्हणावं?

मुरारकर :
ग्वाल्हेरला मुरारमध्ये घर बांधायला काढलं आहे. भिंती विटांच्या नाहीत. पॉलिस्टायरीनचे पोकळ ठोकळे एकमेकांत बसवत रचायचे, आत सळया घालायच्या आणि पोकळीत काँक्रीट ओतायचं. ठोकळे नंतर काढत नाहीत, ते भिंतीतच राहतात. इंजिनिअर आणि ठेकेदार इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्मचं आद्याक्षरी 'आयसीएफ' म्हणून मोकळे होतात. बाबांनी नमुन्याचा ठोकळा बोटाने दाबून पाहिला आणि 'थर्माकोलचं घर' असं नाव ठेवलं. आता सगळे नातेवाईक तेच म्हणतात. थर्माकोल म्हटलं की गणपतीचं मखर डोळ्यांसमोर येतं, मग अशा घरावर कुणाचा भरवसा बसावा? बाबांनाही पटेल आणि मलाही चारचौघांत सांगता येईल, असा शब्द हवा आहे. कोशातले जडजंबाल जोडशब्द नकोत.

सळईखडी :
आधी 'फॉर्म' घेऊ. ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवतो तो साचा. साइटवर त्याला शटरिंग किंवा सेंट्रिंग म्हणतात, तुमच्याकडचे मिस्त्री 'सेंटिंग' म्हणत असतील. या सगळ्या शब्दांत 'नंतर काढायचं' हे गृहीतच असतं. 'सेंटिंग खोललं का?' हा स्लॅबनंतरचा ठरलेला प्रश्न. तुमच्या भिंतीत नेमकं तेच होत नाही, म्हणून नुसतं 'साचा' म्हटलं की ऐकणारा चुकीचं चित्र मनात धरतो. मी गेली काही वर्षं 'राहता साचा' म्हणतो. राहतं घर म्हणतो, त्याच चालीवर. समोर 'काढता साचा' ठेवला की गवंड्यालाही लगेच उमगतं.

कल्पना तशी नवी नाही. फेसाळ प्लास्टिकच्या अशा साच्यासाठी व्हर्नर ग्रेगोरी या कंत्राटदाराने १९६६ साली कॅनडात पेटंटचा अर्ज केला होता. आपल्याकडे लखनौच्या लाइट हाउस प्रकल्पात (नव्या तंत्रांनी घरं बांधून दाखवणारा केंद्र सरकारचा प्रकल्प) साचा राहताच होता, पण पीव्हीसीचा. म्हणजे 'राहता साचा' ही जात झाली आणि 'इन्सुलेटेड' म्हणजे 'उष्णतारोधक' हे तुमच्या साच्याचं विशेषण.

इंदूरकर :
'उष्णतारोधक' कशाला? शाळेत आपण 'दुर्वाहक' शिकलो की. इथे हिंदी शाळांत मुलं 'कुचालक' म्हणतात.

सळईखडी :
दुर्वाहक हा पदार्थाचा गुण झाला. लाकूड दुर्वाहक, लोकर दुर्वाहक. रोधक हे काम झालं. थर्माकोल दुर्वाहक आहे म्हणून त्याच्याकडून उष्णता रोखायचं काम करून घेता येतं. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून जितकी उष्णता जाते, तिच्या साधारण चाळिसाव्या हिश्शाएवढीच थर्माकोलमधून जाते. भिंतीचं वर्णन करताना कामाचा शब्द हवा, म्हणून रोधक. मात्र रोधक म्हणजे पूर्ण बंद करणारा नव्हे. जलरोधक म्हटल्यावर आपण एक थेंबही नको असं समजतो. इथे उष्णता येते, पण फार कमी आणि फार हळू.

लष्करचा वाडा :
मग आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती? दोन-दोन हात जाड दगड. मे महिन्यात बाहेर लू वाहत असताना आत माजघरात गारवा असायचा. त्याही उष्णतारोधकच म्हणायच्या ना? नवीन शब्दाची गरजच काय?

सळईखडी :
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि इथेच शब्द जपून वापरायला हवा. दगड उष्णता रोखत नाही, पोटात घेतो. दिवसभर ऊन भिंतीत मुरत जातं आणि आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटते. दुपारी माजघर गार लागायचं ते त्यामुळे. पण रात्री तीच भिंत घेतलेली उष्णता परत देते. लष्करात लोक अंथरुणं घेऊन गच्चीवर का जायचे? वाऱ्यासाठी तर जायचेच, पण आतल्या भिंती तोवर तापलेल्या असायच्या म्हणूनही. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत, ती तिसरीच युक्ती. तिथे पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं.

म्हणून वाड्याची भिंत 'उष्णता मुरवणारी' आणि आयसीएफची 'उष्णता रोखणारी'. मुरणं हे क्रियापद इथे फार नेमकं बसतं. आयसीएफमध्येही मधे काँक्रीट असतं, तेही पुष्कळ उष्णता मुरवू शकतं, पण त्याच्या दोन्ही अंगांना रोधक थर. बाहेरचं ऊन त्याच्यापर्यंत फारसं पोहोचत नाही, तसा खोलीतला गारवाही पोहोचत नाही. जाहिरातींत या काँक्रीटच्या वजनाचं फार कौतुक असतं. माझ्या मते ग्वाल्हेरच्या घराला खरा उपयोग रोधक थराचा आणि बिनफटीच्या भिंतीचा. उन्हाळ्यात कूलर-एसीचा गारवा टिकतो आणि जानेवारीच्या थंडीत ऊब.

इंदूरकर :
मी 'अस्तर' सुचवू का? 'दुहेरी अस्तराची काँक्रीट भिंत'. भार काँक्रीटने घेतला हे नावातच येतं आणि थर्माकोल दुय्यम ठरतो. आमच्याकडे इंदूरच्या लाइट हाउस प्रकल्पात १,०२४ घरं सँडविच पॅनेलची (दोन पातळ पाट्यांमध्ये हलका गाभा भरलेली) झाली. लोक सरळ 'पॅनेलची भिंत' म्हणतात, त्यात पॅनेलच्या आत काय आहे हे कुणाला कळत नाही.

मुरारकर :
अस्तर मला फार आवडलं. पण रंगारी पहिल्या हाताला अस्तर म्हणतो. त्याला 'आतून-बाहेरून अस्तर आहे' सांगितलं तर तो प्रायमर झालाय असं समजून थेट रंग लावेल.

सळईखडी :
बरोबर. घरच्यांशी बोलताना अस्तर, साइटवर राहता साचा. एकाच शब्दाने दोन्हीकडे काम भागवायचा हट्ट नको.

आणि 'थर्माकोल' शब्द बाबांपासून लपवू नका. ते मुळात व्यापारी नाव. भारतीय मानक आयएस ४६७१ मध्ये या मालाला विस्तारित पॉलिस्टायरीन म्हटलंय. बांधकामाला मखराच्या पत्र्यासारखा भुसभुशीत माल चालत नाही, दाट आणि ज्योत काढली की आपोआप विझणारा लागतो. तरीही तो उघडा ठेवायचा नाही. उन्हाने पिवळा पडून त्याचा भुगा होतो, म्हणून बाहेरून गिलावा आणि आतून गिलावा किंवा जिप्सम बोर्ड हवाच. जमिनीलगत वाळवीचा बंदोबस्तही करून घ्या. वाळवी तो खात नाही, पण पोखरून आतून वाट काढते.

लष्करचा वाडा :
आमचा मिस्त्री विचारतोय, या भिंतीला तराई किती दिवस? (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी : तराई म्हणजे पाणी मारणं.)

सळईखडी :
साचा राहता असल्यामुळे ओल आतच कोंडून राहते, उघड्या वरच्या कडेला पाणी मारलं की पुरतं. ग्वाल्हेरच्या उन्हात हा मोठा फायदा. ओतताना मात्र घाई नको. एका वेळी साधारण चार फूट, मग पुढचा टप्पा. भराभर ओतलं की खाली दाब वाढतो आणि साचा 'फुगतो', कधी फुटतोही. मिस्त्रीला तिथे 'फुगणे' हाच शब्द सांगा, लगेच कळेल. खडी बारीक, १०-१२ मिमीची घ्या म्हणजे सळयांमध्ये अडकणार नाही.

इंदूरकर :
फटी नाहीत म्हणता, मग घर कोंदट नाही का होणार?

सळईखडी :
होईल, हवा खेळती ठेवायची सोय आधीच केली नाही तर. आणि मुरारकर, छताचं काय ठरलं? उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सगळ्यात जास्त ऊन छत खातं. भिंती कितीही रोधक केल्या आणि वर उघडा स्लॅब ठेवला, तर बाबा म्हणणार, 'एवढं करून घर तापतंच.' इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीसाठीची सरकारी नियमावली) छतासाठी वेगळी मर्यादा दिली आहे, ती इंजिनिअरला दाखवायला सांगा.

मुरारकर :
छतावर रोधक थर आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे, असं ठरतंय. बाबांना काल 'दोन्हीकडून अस्तर लावलेली काँक्रीटची भिंत' म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, 'काँक्रीट किती इंच?' सहा इंच म्हटल्यावर मान हलवली आणि सळईचा व्यास विचारायला लागले.