गाडीच्या काचेवरचे पांढरे ठिपके कशानेच जात नाहीयेत

वाघोलीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडी साधी हॅचबॅक, दुखणं काचांचं. ड्रायव्हरकडची खिडकी, मागची काच आणि समोरच्या काचेचा वायपर न पोचणारा कोपरा, सगळीकडे ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. जवळून पाहिलं तर ठिपका नसून कडं आहे. मध्ये काच बऱ्यापैकी साफ, भोवती पांढरी रेघ. दिवसा चालून जातं. रात्री नगर रोडला समोरून ट्रकचा अप्पर पडला की तो अख्खा भाग दुधाळ होतो आणि कडेने येणारी दुचाकी दिसतच नाही.

मॉलमधला निळा स्प्रे मारून झाला, वर्तमानपत्राने घासून झालं. मेव्हण्याने टूथपेस्ट सांगितली, तीही लावली. गाडीला पुदिन्याचा वास येतोय, ठिपके जिथल्या तिथे.

सोसायटीत पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. गाडी धुणारा मुलगा सकाळी येतो, त्याला बादलीत आरओचं वाया जाणारं पाणी देतो, तेवढीच बचत. दिवसभर गाडी ऑफिसबाहेर उन्हात. मागच्या उजव्या दारावर मात्र एक वेगळाच जाड पांढरा ओघळ आहे, काचेपासून खाली पत्र्यापर्यंत. बेसमेंटमध्ये वरून ठिबकतं, तिथला. काय करावं?

मिसळ_आणि_मायलेज

संडास साफ करायचं लिक्विड फडक्यावर घ्या आणि पुसा. दोन मिनिटांत लख्ख. आमच्या बाथरूमच्या टाइल्स त्यानेच निघतात.

ब्युरेटवाली_काकू

मिसळराव, टाइल्सना गंजायला पत्रा नसतो. त्या बाटलीत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. खिडकीच्या काचेवरून ते ओघळणार ते थेट रबरी पट्टीच्या फटीतून दाराच्या पोटात, जिथे काच वर-खाली करणारी यंत्रणा असते. क्रोमची पट्टी काळी पडेल ती वेगळीच. कुणी करू नका हो असलं.

वाटसरू, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, तुम्ही ते लिहून पुढे निघून गेलात. आरओचं वाया जाणारं पाणी!

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. फ्लास्कमधलं पाणी वाइनसारखं लाल, त्यात ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए हे क्षारांना धरून ठेवणारं रसायन थेंब थेंब सोडायचं, निळं झालं की थांबायचं आणि आकडा लिहायचा. कुठल्या बोअरचा नमुना आलाय ते ब्युरेट किती रिकामी झाली त्यावरूनच कळायचं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरला हिशेबापुरते ४५० धरू. घरचं आरओ १ लिटर गोड पाणी देताना ३ लिटर बाहेर टाकतं असं धरा. गोड पाण्यात क्षार जवळजवळ जातच नाहीत, म्हणजे ४ लिटरांचे क्षार ३ लिटरांत कोंबले. झाले की ६००! आणि मशीन जितकं कमी पाणी वाया घालवणारं, तितकं ते बाहेर पडणारं पाणी जास्त जड. त्याने फरशी पुसा, संडासात ओता, गाडीला देऊ नका. बचतीचा विचार चांगलाच आहे, जागा चुकली.

आता कडं का पडतं. थेंब उन्हात आधी कडेने सुकतो, मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सोबत क्षारही तिथेच जातात. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेला की विरघळलेल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट होतं, गीझरच्या कॉइलवर जमतं तेच. काचेचा स्प्रे तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, तो याला काय करणार? याला आम्लच लागतं, पण सौम्य.

किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, ढोकळ्यात घालतात ते. १० ग्रॅम पावडर १०० मिली पाण्यात. गाडी सावलीत, काच हाताला गार लागली पाहिजे. आधी साध्या पाण्याने धूळ काढा, नाहीतर तीच घासली जाऊन चरे पडतील. मग टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून काचेला चिकटवा. नुसतं पुसलं तर आम्ल टिकत नाही, सुकून जातं. कागद पाच-सात मिनिटं ओला ठेवायचा, सुकू लागला की वरून अजून शिंपडायचं. खाली दाराच्या पट्टीवर जुना टॉवेल दाबून धरा. कागद काढल्यावर भरपूर पाण्याने धुवा. गरज वाटली तर पुन्हा. व्हिनेगरही चालतं, फक्त गाडीत लोणच्याच्या बरणीचा वास राहतो. आणि हो, पार्किंगला शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर खाली सांडू देऊ नका. तो चुनखडीचाच दगड, त्याचीही चकाकी जाते.

शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी ते, क्षार नावालाच. पिऊ नका, काचेला उत्तम. आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. त्या मुलालाही हेच सांगा. पाणी कुठलंही असो, काचेवर सुकू द्यायचं नाही.

कागद काढल्यावर बोट फिरवा. नखाला उंचवटा लागला तर अजून थर बाकी आहे. काही लागत नाही आणि कडं तरी दिसतंय, तर क्षारांनी काच खाल्ली आहे किंवा सिलिका, म्हणजे वाळूतलं द्रव्य, बसली आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच आणि तिला लिंबूसत्व काही करू शकत नाही.

दारावरचा ओघळ मात्र बोअरचा नाही, तो स्लॅबमधला चुना.

काचवाला_सोलापूर

काकूंचं बरोबर आहे. पुढचं काम आमच्या धंद्यातलं म्हणून सांगतो.

लिंबूसत्वाने जे निघत नाही त्याला आधी चार शून्याची बारीक स्टील वूल. भांडी घासायची तार नव्हे, हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले घेतात ती. काच ओली ठेवून हलक्या हाताने, फक्त बाहेरून. आतून फिल्म असेल तर ती गेलीच, आणि मागच्या काचेच्या आतल्या बाजूला हीटरच्या तपकिरी रेघा असतात.

त्यानेही गेलं नाही तर सेरियम ऑक्साइड, काच पॉलिश करायची पावडर. पावडर पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवायची, फेल्टचं पॅड, मशीन कमी वेगावर, आणि पावडर सुकू द्यायची नाही. काच हाताला गरम लागली की थांबायचं. बाजूच्या काचा टफन्ड असतात, कडेला टवका असला आणि ताण आला की क्षणात चुरा होतो. समोरच्या काचेवर घरी कुणी मशीन धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच जागी जास्त घासलं गेलं की काचेला लाट पडते, मग रस्ता हलताना दिसतो आणि डोकं दुखतं. गिऱ्हाईक मागे लागलं तरी मी ते काम घेत नाही. बाजूची काच फारच खाल्लेली असेल तर पॉलिशच्या मजुरीत नवी काच बसते का ते आधी विचारा.

स्लॅबच्या पाण्याचं वाईट असतं. सिमेंटमधून झिरपलेलं ते पाणी चांगलंच अल्कली, रंग खातं. पत्र्यावरचा ओघळ आधी ओल्या कापडाखाली मऊ करा, मग काकूंचं पाणी निम्मं पातळ करून लावा आणि लगेच धुवा. ब्लेड फक्त काचेवर, तेही ओल्या. त्याआधी गाडीची जागा बदला, नाहीतर हे सगळं फुकट.

वाघोलीचा_वाटसरू

रविवारी बसलो. खिडकी आणि मागची काच जवळजवळ साफ! कागद उचलला तेव्हा त्याखाली कडी अर्धवट तुटलेली दिसत होती, दुसऱ्या फेरीत बहुतेक गेली. समोरच्या कोपऱ्यात काही सावलीसारखी राहिली आहेत, नखाला लागत नाहीत. मशीन लावणार नाही. काल रात्री नगर रोडला अप्पर पडला तरी पलीकडचं दिसत होतं.

दारावरचा ओघळ काचेवरून निघाला, रंगावर फिकट पट्टा राहिला. सेक्रेटरी म्हणाले वॉटरप्रूफिंगचा विषय सभेत घेऊ, तोवर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावा. आरओची बादली आता संडासाकडे.

एक राहिलं. काच साफ झाली, पण वायपर खरखर करतोय. बदलू का?

ब्युरेटवाली_काकू

लगेच नको. तोच क्षार रबराच्या धारेवरही बसलेला असतो. पाती उचला, ओल्या फडक्याने धार चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसा, फडक्यावर काळं-पांढरं यायचं थांबेपर्यंत. रबराला चिरा दिसल्या तरच नवीन घ्या.