ले-आउटच्या ओपन स्पेसवर पूर्ण गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) टाकायचे म्हणून राहिले, काय करावं?

बेसावासी:
नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या ले-आउटच्या (प्लॉट पाडून झालेल्या वस्तीच्या) मधोमध ओपन स्पेस आहे, अंदाजे दहा हजार स्क्वेअर फूट. पावसाळ्यात चिखल अन् कमरेइतकं गाजरगवत. आता निधी आला म्हणतात, तर बहुतेकांचं म्हणणं आहे की पूर्ण जागेवर गट्टू टाका, कोपऱ्यात ग्रीन जिम बसवा, विषय संपला. मला हे पटून नाही राहिलं. समोरचा रोड सिमेंटचा झाला तो डायरेक्ट घरांच्या ओट्याच्या लेव्हलला आला, तेव्हापासून पाऊस जोरात आला की रोडचं पाणी गेटमधून आत, अन् एप्रिल लागला की बोअर कोरडे, टँकर सुरू. ही जागाही पक्की केली तर पाण्याने जावं कुठे? पण मीटिंगमध्ये बोललं की म्हणतात काळ्या मातीत तसंही पाणी मुरत नाही, मग मोकळी ठेवून फायदा काय. याला उत्तर काय द्यायचं?

साइटवाला_भाऊ:
दादा, काळी माती पाणी पीत नाही हे अर्धं खरं आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते, मग माती फुगते अन् भेगा बंद, तिथून पुढे ती फार हळू पिते. पण काळ्या मातीचा थर संपला की खाली मुरूम लागतो, अन् मुरूम पाणी घेतो. म्हणून जागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात शोषखड्डा घ्या, मुरूम लागेपर्यंत खोल. तळाला बोल्डर, वर गिट्टी, त्यावर जाडी रेती. वरची रेती दर उन्हाळ्यात काढून धुवायची, नाहीतर गाळाने खड्डा बुजून जातो, अन् हे कोणीच करत नाही म्हणून लोक म्हणतात रिचार्ज (जमिनीत पाणी मुरवणं) चालत नाही. रोडचं पाणी त्यात सोडू नका, ऑइल अन् घाण असते, फक्त मैदानाचं अन् स्लॅबचं पाणी घ्या. आणि गट्टूबद्दल एक बघा, कॉन्ट्रॅक्टर खाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) करून देतो का रेतीवर बसवतो? पीसीसीवर बसवले तर तो सिमेंट रोडच झाला, सांध्यातून थेंब जाणार नाही.

हुडकेश्वरची_ताई:
मला दुसरी बाजू मांडायची आहे. मोकळी माती ठेवा म्हणणारे बहुतेक गाडीने येणारे-जाणारे असतात. चिखलात म्हातारी माणसं फिरू शकत नाहीत, पोरं खेळू शकत नाहीत, गवतात साप निघतात अन् पाणी साचलं की डेंग्यूची भीती वेगळी. आमच्याकडे ओपन स्पेस नुसती "मोकळी" ठेवली तर लोकांनी तिथे मलबा टाकायला सुरुवात केली. शेवटी कडेने चालायचा पट्टा पक्का केला, मधली जागा माती अन् दूब (हरळी), तेव्हा कुठे लोक यायला लागले. बेसावासी दादा, तुम्ही पण "गट्टू नको" म्हणू नका, "गट्टू फक्त पट्ट्याला" म्हणा, लोक ऐकतील.

साइटवाला_भाऊ:
ताई बरोबर. डेंग्यूचं म्हणाल तर त्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, पाणी दोन दिवसांत ओसरलं पाहिजे असा खड्डा करायचा.

अंबाझरी_लाइन:
मी 23 सप्टेंबर 2023 ची रात्र पाहिली आहे. काही तासांत 100 मिमीच्या आसपास पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर अन् लोकांच्या बेडरूममध्ये. तेव्हा सगळे तलावाकडे अन् पुलाकडे बोट दाखवत होते, ते चूक नव्हतं, पण वरून पाणी येत होतं ते कुठून? पूर्ण शहराच्या स्लॅबवरून, सिमेंट रोडवरून, पक्क्या अंगणांतून, आणि सगळं एकाच वेळी नाल्यात. तुमच्याच जागेचा हिशेब करा, दहा हजार स्क्वेअर फुटावर 100 मिमी म्हणजे 93 हजार लिटर, दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून उरतात. हे पाणी तुम्ही पावसाळ्यात शेजाऱ्याच्या घरात ढकलता अन् मे महिन्यात पैसे देऊन विकत आणता. मीटिंगमध्ये हाच आकडा सांगा. चीनने 2015 पासून स्पंज सिटी म्हणून याच गोष्टीवर काम सुरू केलं, पाणी जिथे पडते तिथेच थांबवा, मुरवा.

मुरूम_माती:
अंबाझरी भाऊ, स्पंज सिटीचं नाव घेताना चीनमधलंच झेंगझोऊ पण सांगा. त्या शहराने यावर भरपूर पैसा लावला होता, तरी 20 जुलै 2021 ला एका तासात 201.9 मिमी पडला अन् मेट्रोच्या बोगद्यात माणसं दगावली. मी विरोधात नाही, पण मैदान मोकळं ठेवलं म्हणून पूर येणार नाही असं लोकांना सांगू नका, एक मोठा पाऊस आला की विश्वास जाईल. नेहमीच्या पावसाचं पाणी मुरेल, मोठ्या पावसाचं नाल्यातच जाईल, म्हणून नाल्याकडचा निकास मोकळा हवाच. आपल्याकडे अर्धे ले-आउट नाल्याचं तोंड बुजवून बसले आहेत.

अंबाझरी_लाइन:
मान्य, मुद्दा चोख आहे.

करंज_कडुनिंब:
पाण्याचंच बोलून राहिले सगळे, गर्मीचं पण बोला ना. 2013 च्या मे मध्ये नागपूर 47.9 ला गेलं होतं. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) गट्टूच्या मैदानावर रात्री नऊला चप्पल काढून उभं राहून दाखवा, जमीन तापलेलीच असते अन् बाजूच्या घराचा कूलर तीच गरम हवा ओढतो. कडेने करंज अन् कडुनिंब लावा, करंजाला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी येते म्हणजे सावली पाहिजे तेव्हाच मिळते. गुलमोहर नको, वादळात मोडतो. आणि बुंध्याला सिमेंट भिडवू नका, हात जोडून सांगतो. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, तेवढी तरी सोडा.

बेसावासी:
खूप आभार सगळ्यांचे. ताईंचा पट्टा अन् भाऊंचा शोषखड्डा, दोन्ही मांडतो. पण "हे नियमात बसते का" असं विचारलं तर?

साइटवाला_भाऊ:
बसते काय, नियमच आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ले-आउटच्या ओपन स्पेसला अन् 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. एस्टिमेटमध्येच खड्डा अन् पट्टा टाकायला लावा, नंतर करू म्हटलं की होत नाही. मीटिंगच्या आधी मिस्त्रीला बोलावून लेव्हल पाइप लावून सखल कोपरा कुठे आहे ते पाहून ठेवा, अन् गट्टूची किंमत प्रति चौरस मीटर घ्या, पूर्ण मैदानाऐवजी फक्त पट्टा केला तर किती वाचतात ते फळ्यावर लिहून दाखवा.