सुंता : आधार आणि संमती
सुंतेची आज्ञा कुराणातच आहे, असे म्हटले जाते; त्याशी मी सहमत नाही. कुराणात तिचा उल्लेख नाही, आधार हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदी) व परंपरेचा आहे, आणि जन्मापासून आठव्या दिवसाचा दंडक तर ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथातील, अब्राहमाशी झालेल्या कराराच्या कथेतला. (कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, हा आठवा दिवस पाळत आले.)

सुंतेला मुलाची संमती आहे का, ही चर्चा मात्र तान्ह्या बाळांपुरतीच राहिली आहे. सोलापुरात आमच्या शेजारी सहा वर्षांच्या मुलाला हार घालून, नवी लुंगी नेसवून बसवले होते, तेव्हा आईचा पदर दोन्ही मुठींत धरून तो "उद्या करू या" म्हणून विनवत असताना मी तिथेच होतो. त्याला सारे कळत होते. विचारले कोणीच नव्हते.