उत्पत्ती 12:3 अर्धंच का वाचता?

नगरकर:
"इस्राएल सरकारवर टीका करणारा ख्रिस्ती शापित, उत्पत्ती 12:3 वाचा," असं काल इथे कुणी लिहिलं. तिथे देव अब्राहामाला म्हणतो, तुला शाप देणाऱ्याला मी शाप देईन. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. त्याच वचनाचा शेवट 'पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील' असा आहे, तो का गाळलात? लेवीय 25:23 मध्ये देव इस्राएलालाच बजावतो, जमीन माझी, तुम्ही उपरे. यहूदी मायदेशी परततील, मग जगाचा शेवट येईल, हे वेळापत्रक डार्बी या उपदेशकाने एकोणिसाव्या शतकात मांडलं आणि 1909च्या स्कोफील्ड बायबलमध्ये वचनांखाली छापलेल्या टिपांनी पसरवलं. टीप म्हणजे वचन नव्हे. बेथलेहेमातले पॅलेस्टिनी ख्रिस्ती आपले भाऊ नाहीत का?

वचनप्रेमी:
ते मीच लिहिलं होतं. रोमकर 11:29 चं काय करता? देव इस्राएलाला केलेलं पाचारण मागे घेत नाही. यहूदी मायदेशी परततील हे डार्बीच्या दोनशे वर्षं आधी इंग्लंडातले प्युरिटन पंथीयही सांगत होते. 'मंडळीने यहूद्यांची जागा घेतली' या शिकवणीने काय केलं ते धर्मसुधारक लूथरच्या 1543च्या पुस्तकात बघा. यहूद्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा म्हणतो तो!

नगरकर:
जागा घेतली असं मी कुठे म्हटलं? रोमकर 11 मध्येच आहे, आपण रानजैतुनाची कलम केलेली फांदी, मूळ यहूद्यांचंच. पण त्या अख्ख्या अध्यायात देशाच्या हद्दी दाखवा. रोमकर 4:13 मध्ये तर अब्राहाम 'जगाचा' वारस आहे.

वसईची:
माझ्या आजीला लहानपणी शिकवलं होतं, यहूद्यांनी प्रभूला मारलं. गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत त्यांना 'अविश्वासू' म्हणत, तो शब्द 1959 साली तेविसाव्या जॉन पोपनी काढला. 1965च्या नोस्त्रा एताते या कॅथलिक चर्चच्या घोषणेने प्रभूला मारल्याचा दोष सगळ्या यहूद्यांवर लादायचा नाही असं सांगितलं. आजी मरेपर्यंत तेच म्हणत होती. जमिनीचं नंतर बोला, आधी हे घरातून काढा.

अलिबागचा बेने इस्राएल:
आमच्याबद्दल एवढं बोलताय, आम्हाला कुणी विचारलं? आम्ही कोकणातले यहूदी, लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद. त्यासाठी कुणाच्या भविष्यवाणीची गरज पडली नाही. आजोबा इस्राएलला गेले, तर तिथल्या रब्बींनी आमच्या लग्नांवरच शंका घेतली. 1964 पर्यंत आमची माणसं आम्हाला पूर्ण यहूदी मानावं म्हणून भांडली. तुमच्या वचनात हे बसतं कुठे?

वचनप्रेमी:
तुम्हाला हिब्रू शिकवलं मिशनऱ्यांनी. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सननी.

अलिबागचा बेने इस्राएल:
शिकवलं, उपकार मानतो. पण कशासाठी शिकवलं? आम्ही ख्रिस्ती व्हावं म्हणून. आमचे लोक अक्षरं घेऊन सिनेगॉगमध्ये परतले. प्रेम करायचं तर अट न घालता करा. तुमच्या शेवटच्या अंकातली पात्रं नाही आम्ही.

वसईची:
हे मला लागलं. बरोबर आहे.

नगरकर:
मलाही. आमच्या मिशनच्या शाळांचा मी अभिमान सांगत आलो, हा प्रश्न कधी विचारला नाही.

वचनप्रेमी:
'शापित' हा शब्द मागे घेतो. रोमकर 11:29 सोडत नाही.

नगरकर:
सोडू नका. पण बेथलेहेमच्या भावांचं उत्तर अजून दिलं नाहीत.