मदत हवी आहे: उपवासाची भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोडते

निशिगंध (ठाणे), स. ११.३२
सकाळपासून ७ गोळे वाया गेलेत. थापायला घेतलं की कडेनं चिरा पडतात, उचलायला गेलं की भाकरी मधोमध मोडते. पाणी गरम घेतलं होतं, मळलंही भरपूर. सासूबाई दिवसातून एकदाच, दुपारी १ वाजता जेवतात. आज पहिलीच माळ आणि या वर्षी स्वयंपाक माझ्याकडे आहे. माहेरी ही पद्धत नव्हती, त्यामुळे आईला विचारून उपयोग नाही. कृपया लवकर सांगा. साबुदाणा आणि बटाटा त्यांना चालत नाही.

अबोली, ११.३६
राजगिऱ्याचं पीठ असंच करतं, त्याला चिकटपणाच नसतो. वाटीभर पिठाला एक मध्यम बटाटा उकडून, किसून घाला आणि पाणी अगदी बेतानं. प्लास्टिकच्या कागदाला तूप लावून त्यावर थापा आणि कागदासकट उचलून तव्यावर पालथी घाला. मी १५ वर्षं अशीच करते, एकही मोडत नाही.

भाकरतुकडा, ११.३९
अबोलीताई, बटाटा चालत नाही असं त्यांनी लिहिलंय. आणि बटाट्यानं भाकरी चिवट होते, गार झाली की चामड्यासारखी लागते. निशिगंधताई, निम्मं वरीचं पीठ मिसळा. फक्त सुटं पीठ आणू नका. भगरीच्या पिठाला दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि नवरात्रात, महाशिवरात्रीला विषबाधा होते ती बऱ्याचदा त्यातूनच. वरी घरी आणून निवडा, धुवा, कडक वाळवा आणि मिक्सरवर लागेल तेवढीच दळा.

अबोली, ११.४१
घाईत बटाट्याचं वाचायचं राहिलं. पण आमच्याकडे चामड्यासारखी कधीच झालेली नाही. बटाटा गरम असताना किसला तर होते तशी, गार करून किसायचा.

निशिगंध, ११.४४
राजगिरा नाही हो, ज्वारी आहे. आता वरी धुऊन वाळवायला वेळ कुठून आणू?

पाटावरवंटा, ११.४५
ज्वारी? उपवासाला?

मुक्काम टोरांटो, ११.४७
इथे मेक्सिकन दुकानात टॉर्टिया दाबायचा लोखंडी साचा मिळतो. दोन कागदांत गोळा ठेवून दाबायचा, एकसारखी भाकरी होते. इंडक्शनवर करत असाल तर तवा जाड तळाचा घ्या आणि आच मध्यमच्या जरा वर ठेवा. घरातला धुराचा अलार्म वाजू नये म्हणून मी खिडकी उघडी ठेवते.

कृष्णाकाठ, ११.४९
पाटावरवंटा, त्या धान्यफराळाबद्दल विचारताहेत असं वाटतं. बऱ्याच घरांत नवरात्राचे नऊ दिवस धान्यफराळ असतो. धान्य आधी भाजायचं, मग दळायचं, डाळीही भाजूनच शिजवायच्या, कांदा-लसूण नाही आणि जेवण एकदाच. आमच्या आजी चातुर्मासातही करायच्या. निशिगंधताई, तुमची ज्वारी भाजून दळलेली आहे का? पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं, सगळा फरक त्यानंच पडतो.

निशिगंध, ११.५१
हो, भाजूनच. आमच्याकडे उपवासाची भाकरी म्हणजे हीच, त्यामुळे वेगळं सांगावं असं सुचलंच नाही. रोजची ज्वारीची भाकरी मला चांगली येते, म्हणून तर काही कळेना.

पाटावरवंटा, ११.५३
भाजलं तरी धान्य ते धान्यच. लंघन करायचं तर फळं-दुधावर करावं. सवलती काढत गेलं की उपवासाला अर्थ राहत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कृष्णाकाठ, ११.५६
तुमच्या घरी फळं-दूध असेल, त्याचा आदर आहे. पण शेतात दिवसभर राबणाऱ्या बायकांनी नऊ दिवस केळी खाऊन काढायचे का? एकभुक्त राहणं, रोज वेगळं भाजून-दळून ठेवलेलंच खाणं, याला सवलत म्हणवत नाही. आणि ताईंना ५ वाजता नाही, १ वाजता ताट वाढायचंय. ताई, तीन गोष्टी सांगा: ज्वारी किती भाजली, दळून किती दिवस झाले आणि पाणी गरम होतं की उकळतं?

निशिगंध, ११.५८
चांगली लालसर होईपर्यंत भाजली. घाई नको म्हणून १५ दिवसांपूर्वीच दळून आणली, ४ किलो. पाणी गीझरचं.

मालदांडी, ११.५९
मग विरी, म्हणजे चिकटपणा, गेली पिठाची. मी सोलापूरकडचा. आमच्याकडे ८ दिवसांवरचं पीठ भाकरीला घेत नाहीत, ते थालीपिठाला जातं. त्यात ज्वारी कुठली हेही बघा. खरिपाच्या संकरित ज्वारीची भाकरी मुळातच बेताची, रब्बीची मालदांडी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही. शाळू आणा, आजच भाजा, आजच दळा.

भाकरतुकडा, १२.०१
दादा, दुपारी १२ वाजता ठाण्यात शाळू आणून, भाजून, वेगळं दळून कोण देणार? गिरणीवाले आधी गहू पडलेला असेल तर तसंच दळतात, मग सासूबाईंना ते चालायचं नाही.

कृष्णाकाठ, १२.०३
ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. तिची भाकरी धरून ठेवतो तो गरम पाण्यानं फुललेला स्टार्च, आणि तो नीट फुलायला ७० अंशांच्या आसपास तरी उष्णता लागते. गीझरचं पाणी पिठात पडेपर्यंत तेवढं तापलेलं राहत नाही. शिवाय भाजलेल्या पिठाचा चिकटपणा आधीच कमी झालेला असतो. त्यामुळे उकडच काढा.

१ वाटी पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. त्यातलं पळीभर पाणी बाजूला काढा, मग गॅस बंद करून १ वाटी पीठ एकदम ओता. उलथन्याच्या दांड्यानं ढवळा आणि झाकण घालून १० मिनिटं हातही लावू नका. नंतर परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं तिंबा. हाताला चटका बसेल, काढून ठेवलेल्या पाण्यात हात बुडवत राहा. गोळा कडेनं दाबला की चीर पडायला नको. पडली तर अजून तिंबा, पाणी लगेच घालू नका. भाकरी पुरीपेक्षा थोडी मोठी, एवढीच थापा. आणि थापताना खाली भुरभुरायचं पीठसुद्धा भाजकंच हवं, डब्यातलं रोजचं चुकून घेऊ नका.

ओळीचे दिवस, १२.०६
आम्ही जैन, आश्विनात आमची आयंबिलची ओळी, म्हणजे नऊ दिवसांचं व्रत, असते. त्यात दूध, तूप, तेल काहीच नसतं, तरी नुसत्या उकळत्या पाण्यावर ज्वारीची भाकरी उत्तम होते. कृष्णाकाठ म्हणतात तसंच करा. गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, एका वेळी एकच बाहेर काढा.

सुईदोरा, १२.०८
पाण्यात मीठ घालताना सैंधवच घाला, साधं चालत नाही.

अबोली, १२.०९
महाराष्ट्रात साधं मीठ सर्रास चालतं. सैंधवाचा आग्रह उत्तरेकडचा.

सुईदोरा, १२.१०
आमचं घर नागपूरचं, आमच्याकडे तीन पिढ्या सैंधवच आहे.

काळजीवाहू, १२.१२
सासूबाईंना मधुमेह आहे का? गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकदाच जेवणं धोक्याचं, साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नऊ दिवस काढू देऊ नका.

निशिगंध, १२.१४
मधुमेह नाही, फक्त थायरॉईडची गोळी आहे. डॉक्टरांना विचारलंय. उकड झाकून ठेवली आहे, मीठ साधंच घातलं.

मालदांडी, १२.२०
भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायला विसरू नका. पाणी सुकत आलं की लगेच उलटा, पूर्ण सुकू दिलं तर वरच चिरा पडतील.

निशिगंध, १.२५
सासूबाईंना वाढून आले. पहिली भाकरी कडेला फाटली, मी थापायची घाई केली. दुसरीपासून हात ओला करून गोळा परत तिंबला, तेव्हा कडा गुळगुळीत राहिल्या. तिसरी आचेवर धरली तर एका बाजूनं फुगली, वाफ फुसकन बाहेर आली आणि वरचा पापुद्रा वेगळा झाला. रंग रोजच्यापेक्षा तांबूस आणि वास भाजक्या लाह्यांसारखा. भाजक्या मुगाच्या वरणाबरोबर त्यांनी दोन खाल्ल्या. "तुझी जमली, माझी पहिल्या वर्षी जमली नव्हती," म्हणाल्या. मी तिथेच रडले. कृष्णाकाठ, ओळीचे दिवस, मालदांडीदादा, मनापासून आभार.

आता प्रश्न उरलेल्या पिठाचा, साडेतीन किलोच्या वर आहे. आठ दिवस रोज उकडच काढायची का?

कृष्णाकाठ, १.३१
रोज उकडच. एखाद्या दिवशी पाण्याऐवजी दूध उकळून त्यात पीठ घाला, दशमी होईल, संध्याकाळपर्यंत मऊ राहते. आच मंद ठेवा, दुधानं लवकर करपते. उरलेलं पीठ घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. आणि पुढच्या वर्षी ज्वारी लाल करू नका, नुसता खमंग वास सुटला की उतरवा.

पाटावरवंटा, १.३८
निशिगंधताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. माझं मत तेच आहे, पण तुम्ही आज फार मनापासून केलंत. भाजक्या मुगाचं वरण कसं करता? त्यात जिरं चालतं का?